जिथं पैशाला पाऊस म्हणतात

एम.ए. सेकंड इयरला आम्हाला कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्सचा एक पेपर लिहायचाय, भारताची लोकशाही आणि दुसऱ्या कुठल्याही एका देशाची लोकशाही, वीस-पंचवीस पानं, आणि देश ज्याचा त्यानं निवडायचा. या देश निवडण्यातच माझे पंधरा दिवस गेले. आता ज्युनिअरच्या पोरी रोज विचारायल्यात की ताई तू कोणता देश घेतलास, का घेतलास, आम्ही कोणता घ्यावा, म्हणून म्हणलं एकदाच सगळं नीट लिहून टाकावं.

आमच्या वर्गात चाळीस जण आहेत. पहिल्याच दिवशी जवळपास निम्म्यांनी अमेरिका लिहून दिली, उरलेल्यात ब्रिटन आणि स्वित्झर्लंड, कारण बी.ए.पासून आपण तेच वाचत आलोय, नोट्स तयार असतात, गाईड मिळतं. मीपण आधी अमेरिकाच लिहिली होती. दोन दिवस वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की मी तुलना करतच नाहीये, मी दोन याद्या बनवायलेय. डावीकडं भारत, उजवीकडं अमेरिका. इकडं संसदीय, तिकडं अध्यक्षीय. इकडं राज्यसभेत राज्यांना लोकसंख्येनुसार जागा, तिकडं सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन. सगळंच वेगळं, पैसा वेगळा, इतिहास वेगळा, पक्ष वेगळे, आणि सगळंच वेगळं असलं की मग कशामुळं काय झालं हे सांगताच येत नाही ना. एखाद्या शेतात बी वेगळं, खत वेगळं, पाणी वेगळं, माती वेगळी आणि मग म्हणायचं की बियाणं चांगलं होतं म्हणून पीक आलं, तर कुणी शेतकरी ऐकून घेईल का. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ मध्ये हेच लिहून ठेवलंय, की कारण शोधायचं असेल तर बाकी सगळं सारखं आणि एक गोष्ट वेगळी अशा दोन केस घ्या. प्रत्यक्षात देशांच्या बाबतीत इतकं स्वच्छ कधीच मिळत नाही, पण निदान तसा प्रयत्न तरी करावा.

मग मी स्वित्झर्लंड बघितलं. मला तिथल्या त्या उघड्या मैदानातल्या सभेचं फार आकर्षण होतं, लान्ड्सगेमाइंड म्हणतात तिला, ग्लारूस आणि अपेन्झेल इनररोडन या दोन कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यांत, अजून लोक मैदानात जमून हात वर करून मतदान करतात. मला वाटलं आपली ग्रामसभा आणि ही सभा, लई भारी तुलना होईल. आमच्या गावात ग्रामसभा कशी होते मला माहितीये, शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर येतो, आई चुलीपुढून उठून हात पुसून सही करते आणि झाली ग्रामसभा. पण वाचत गेले तसं दिसलं की त्याच अपेन्झेल इनररोडनमध्ये बायकांना मत द्यायचा हक्क १९९० मध्ये मिळाला, तोही कोर्टानं सांगितल्यावर. देशपातळीवर १९७१ मध्ये. आपल्याकडं पहिल्याच निवडणुकीत, १९५१-५२ ला, सगळ्या बायकांना मत होतं. आमचा मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, निजामाची राजवट जाऊन चार वर्षंसुद्धा झाली नव्हती, आणि ज्या बाईनं सही म्हणून अंगठाच उठवला असता तिलापण मत होतं. हे वाचून मला आपल्या घटनेबद्दल जो अभिमान वाटला तो खरा आहे आणि तो मी पेपरात कुठंतरी घालणारच आहे. पण स्वित्झर्लंडवर माझा प्रश्न बसत नव्हता. प्रश्नच नव्हता खरं तर. नुसतं आकर्षण होतं.

एका मैत्रिणीनं श्रीलंका घेतली, तो मला अजूनही लई चांगला चॉइस वाटतो. तिथं सार्वत्रिक मतदान १९३१ पासून आहे, आपल्याही आधी, आणि १९७८ ला त्यांनी संसदीय पद्धत सोडून ताकदवान राष्ट्राध्यक्ष आणला. आपण नाही आणला, म्हणजे शेजारी शेजारी दोन देश, इंग्रजांचं राज्य दोघांनी बघितलेलं, आणि एकानं एक मोठी गोष्ट बदलली. ज्याला विषय सुचत नाही त्यानं डोळे झाकून हा घ्यावा. मी घेतला नाही कारण तोपर्यंत आजीचा फोन आला होता.

आजी गावाकडं असते, लातूर जिल्ह्यात. रोज रात्री आठच्या सुमारास बोलतो आम्ही. तिनं विचारलं काय करायलीस, मी म्हणलं देश शोधायलेय आजी, आपल्यासारखा. ती म्हणली, "आपल्यासारखा म्हंजे कसा? पाणी नसलेला व्हय?" तिनं ते अगदी सरळ विचारलं होतं, देश आपल्यासारखा म्हणजे आधी पाणी नसलेला, तिच्या हिशोबात दुसरं काही येतच नाही. मग ती बहात्तरच्या दुष्काळावर गेली, तशी ती नेहमीच जाते, पण या वेळी मी वही घेऊन बसले. खडी फोडायचं काम, पाझर तलावाच्या भरावाला माती टाकायचं काम, मुकादम हजेरी घ्यायचा, मस्टरवर नाव असलं तरच आठवड्याचा पगार. खायला मिलो, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. कामावर सुकडी मिळायची. माझे पप्पा तेव्हा पोटात होते. "काम मिळालं म्हणून जगलाव बग," आजी म्हणली, "न्हाई तर गाव उठलं असतं. पर पाणी काय आलं न्हाई. तवाबी न्हवतं, आताबी न्हाई."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही, कारण माझ्या पेपरचा प्रश्न हाच होता. मताचा हक्क असला की माणसं उपाशी मरत नाहीत, सरकारला काहीतरी करावंच लागतं, पण त्याच मतानं नळाला पाणी का येत नाही?

पहिला अर्धा भाग अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचा आहे हे पॉलिटिकल सायन्सवाल्यांना माहिती असतं. चालती लोकशाही आणि मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ पडलेला नाही, असं ते सांगतात. १९४३ ला बंगालमध्ये लाखो माणसं मेली तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, लोकांना जाब विचारता येत नव्हता. १९७२ ला महाराष्ट्रात पीक त्याहून वाईट गेलं असेल पण विरोधी पक्ष होते, मोर्चे होते, पेपरात बातम्या होत्या, आणि मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. ५० लाख. त्यात माझी आजी एक. मग त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ ला पास झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच्या आधी विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ ला तासगाव तालुक्यात त्याचा छोटा प्रयोग केला होता. देशाला २००५ मध्ये जो कायदा मिळाला त्याचं मूळ इथं आहे, आणि आमच्यासारख्यांच्या आज्यांनी फोडलेल्या खडीत आहे असं मला मनापासून वाटतं.

आता हे सगळं वाचताना अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज आणि सेन यांच्या लिखाणात महाराष्ट्राच्या दुष्काळासोबत आणखी एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं, बोत्सवाना. मी दोनदा पान उलटून पुढं गेले. तिसऱ्यांदा थांबले.

बोत्सवाना आफ्रिकेच्या दक्षिणेला आहे, समुद्र कुठंच नाही, बहुतेक भाग कलहारीचं वाळवंट. आकारानं महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आणि माणसं किती, तर २०२२ च्या जनगणनेत साडेतेवीस लाखाच्या आसपास. एकट्या लातूर जिल्ह्यात २०११ ला साडेचोवीस लाख होती. गुरं पाळणारा समाज, पाऊस आला तर आला. आणि त्यांच्या पैशाचं नाव आहे पुला. पुला म्हणजे त्यांच्या भाषेत पाऊस. १९७६ ला त्यांनी स्वतःचं चलन काढलं तेव्हा हे नाव दिलं, देशाच्या राजचिन्हावरपण तोच शब्द आहे, सभेत आनंदानं ओरडतात तोही पुलाच. मी हे वाचलं आणि खोलीतल्या पोरींना उठवून सांगितलं. आजीला दुसऱ्या दिवशी सांगितलं की आजी एका देशात पैशाला पाऊसच म्हणतात, ती जरा गप्प राहिली आणि म्हणली, "मग शाणी माणसं हायेत."

तर बोत्सवाना ३० सप्टेंबर १९६६ ला इंग्रजांकडून स्वतंत्र झाला, तेव्हाही दुष्काळ चालूच होता. जगातल्या सगळ्यात गरीब देशांत गणती. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा, निवडणुका वेळेवर, संसद, ज्याला जास्त मतं तो निवडून ही आपल्यासारखीच पद्धत. १९८२ ते १९८७ सलग सहा वर्षं दुष्काळ पडला. सहा वर्षं, आपल्याकडं तीन वर्षं पडला तर काय हाल होतात. पण तिथंही लोक भुकेनं मेले नाहीत, सरकारनं रेशन दिलं, शाळेत पोरांना खायला दिलं आणि कामं काढली, रस्ते, बंधारे, म्हणजे आपली रोजगार हमीच. पुढं तिथं इपेलेगेंग नावानं तशी कायमची योजना आली. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. इंग्रजांचं राज्य सारखं, निवडणुकीची पद्धत सारखी, कोरडी जमीन सारखी, आणि दुष्काळात लोकांना काम द्यायचं हा उपायसुद्धा सारखा.

वेगळं काय तर पैसा कुठून आला. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडलाय. त्यांच्याकडं हिऱ्यांचा पैसा थेट सरकारकडं आला. आपल्याकडं रोजगार हमीसाठी व्यवसाय कर लावला, म्हणजे मुंबईत पगार घेणाऱ्या माणसाच्या पगारातून थोडे थोडे कापून ते मराठवाड्यातल्या मातीकामाला गेले. शहरातल्या माणसाला गावातल्या माणसासाठी पैसे द्यायला लावणं सोपी गोष्ट नाही, ते लोकशाहीतच होऊ शकलं, कारण खेड्यातली मतं जास्त होती. हिऱ्याच्या पैशाला असं कुणाला पटवून द्यावं लागत नाही. या फरकामुळं पुढं काय काय बदललं हे मला शोधायचंय.

आता सरांची परवानगी. सर म्हणले, बोत्सवाना? मटेरियल कुठून आणणार, आणि १४० कोटींचा देश आणि २५ लाखांचा देश, बरोबरी कशी करणार. प्रश्न बरोबर होता, मला त्याचं उत्तर तेव्हा देता आलं नाही, मी दोन दिवस मागितले. मग विचार करता करता सुचलं की पूर्ण भारत कशाला घ्यायचा, दुष्काळी कामं राज्यानं काढली होती, कायदा राज्याचा होता, कर राज्याचा होता, म्हणजे तुलना महाराष्ट्राची आणि त्यातही मराठवाड्याची करायची. देश विरुद्ध राज्य अशी तुलना चालते, युनिट का तेच घेतलं हे नीट सांगता आलं पाहिजे एवढंच. सरांना ते पटलं. त्यांनी एकच अट घातली की केंद्राचा भाग कुठला आणि राज्याचा कुठला हे आधीच वेगळं करून दाखव. आणि मटेरियलचं म्हणाल तर राज्यशास्त्रज्ञ आरेन्ड लायपहार्ट यांनी ज्या ३६ लोकशाह्यांची तुलना केली त्यात भारतही आहे आणि बोत्सवानाही, म्हणजे हा रस्ता अगदीच ओसाड नाहीये.

पण इथं एक मोठी अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. बोत्सवाना लोकशाही आहे का यावरच अभ्यासकांत एकमत नव्हतं. लायपहार्ट त्याला लोकशाहीत धरतात. ॲडम प्रझेवोर्स्की आणि त्यांचे सहकारी धरत नव्हते, कारण १९६६ पासून एकच पक्ष, बोत्सवाना डेमोक्रॅटिक पार्टी, दर वेळी निवडून यायचा. त्यांचं म्हणणं असं की सत्ताधारी पक्ष कधी हरलाच नाही तर हरल्यावर तो खुर्ची सोडेल का हे आपल्याला कळणार कसं. मला हा नियम आधी फार कठोर वाटला. लोकच परत परत निवडून देत असतील तर त्यात लोकांचा काय दोष. मग आठवलं की आपल्याकडंही दिल्लीत काँग्रेस १९७७ पर्यंत हरली नव्हती, तीस वर्षं. १९७६ ला कुणी भारताबद्दल हाच प्रश्न विचारला असता, आणि तेव्हा तर आणीबाणी होती, तर आपण काय उत्तर दिलं असतं?

बोत्सवानाचं उत्तर ३० ऑक्टोबर २०२४ ला आलं. ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष ६१ पैकी फक्त ४ जागांवर आला. अंब्रेला फॉर डेमोक्रॅटिक चेंज या आघाडीला ३६ जागा, डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. हिऱ्यांचा बाजार पडलेला, पोरांना नोकऱ्या नाहीत, लोकांनी सरकार बदललं. आणि हरलेले राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी सगळे निकाल लागायच्या आधीच हार मान्य केली, शांतपणे खुर्ची सोडली. म्हणजे प्रझेवोर्स्कींचा जो प्रश्न होता त्याचं उत्तर इतक्या वर्षांनी मिळालं. आणि जाता जाता हेपण बघा, ज्या पक्षाला ४ जागा मिळाल्या त्याला मतं सुमारे ३० टक्के होती, आणि त्याच्यापेक्षा कमी मतं असलेल्या दुसऱ्या पक्षाला १५ जागा. ही आपलीच पद्धत आहे, आपल्यालापण हे ओळखीचं आहे, पण इतकं टोकाचं उदाहरण मी तरी पहिल्यांदा बघितलं.

आता पाण्याबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच. २०१५ च्या सुमारास त्यांच्या राजधानीचं, गाबोरोनेचं धरण जवळपास कोरडं पडलं. पुढच्याच उन्हाळ्यात आमचं मांजरा धरण कोरडं होतं. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती, पाण्यासाठी १४४ कलम. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, मामाकडं लातुरात शिकायला होते, घागरींच्या रांगेत पहाटे तीनला नंबर लावायचो. रेल्वे आली तेव्हा सगळे टीव्हीवाले आले, सगळ्या देशानं बघितलं, आणि ते चांगलंच झालं, पाणी आलं. पण आमच्या गावात टँकर त्याच्या आधी कितीतरी वर्षं येत होता आणि नंतरही येत राहिला, त्याची बातमी कधी झाली नाही. सेन आणि द्रेज यांनी हाच फरक सांगितलाय, की एकदम आलेलं मोठं संकट दिसतं, फोटो निघतो, सरकारला लाज वाटते, रोजची उपासमार आणि रोजची तहान दिसत नाही. आजी शाळेत गेली नाही पण तिचं ते वाक्य आणि हे एकच आहे.

आणि दुसरी गोष्ट, तहान कुणाची. कलहारीत सान लोक राहतात, तिथले मूळचे. सरकारनं त्यांना सेंट्रल कलहारी गेम रिझर्व्ह या अभयारण्यातून बाहेर काढलं आणि २००२ मध्ये तिथल्या मोथोमेलो वस्तीतली त्यांची बोअर बंद केली. पाणीच तोडलं की माणूस राहणार कसा. डिसेंबर २००६ ला हायकोर्टानं सांगितलं की त्यांना काढणं बेकायदा होतं, पण बोअर काही उघडू दिली नाही. ती परवानगी २०११ ला अपील कोर्टानं दिली. हे वाचताना मला महाड आठवल्याशिवाय कसं राहील. २० मार्च १९२७, चवदार तळं. तळं सगळ्यांसाठी खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं आधीच केला होता, तरी पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, आणि वर कोर्टात दहा वर्षं लढावं लागलं. ज्या देशाच्या नोटेवर पाऊस लिहिलाय त्या देशात काही माणसांची बोअर बंद होते, आणि वेळेवर निवडणुका होत असतानाच होते. कारण सान लोक थोडे आहेत, त्यांच्या मतानं सरकार पडत नाही. आमच्या गावातसुद्धा टँकर आधी कुठल्या आळीत जातो हे मला माहितीये. म्हणून माझ्या पेपरचा शेवटचा भाग मी यावर ठेवलाय, की मतांच्या जोरावर पाणी मिळतं तेव्हा ज्यांची मतं कमी त्यांना कोर्टाशिवाय दुसरा कुठला रस्ता आहे. सर म्हणले हा वेगळा पेपर होईल. होऊ दे. मी तो काढणार नाही.

ज्युनिअर पोरींना माझं एवढंच सांगणं आहे, आधी प्रश्न एका ओळीत लिहा, तुमच्या घरात, गावात, वर्गात तुम्हाला खरंच टोचणारा, आणि मगच नकाशा उघडा. प्रश्न आरक्षणाचा असेल तर देश वेगळा, भाषेचा असेल तर वेगळा. लातूर-किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनावर कुणी जपान घेतलं तरी मला आवडेल. नोट्स मिळतात म्हणून देश घेऊ नका, नोट्स मिळतात तिथं लिहायला फारसं काही उरलेलं नसतं.

या शनिवारी रात्रीच्या बसनं मी गावाकडं जायलेय. आजीला घेऊन त्या पाझर तलावावर जायचंय, तिनं ज्याच्या भरावाला माती टाकली होती. जागा कुणी ठरवली होती, त्याच्या खालच्या विहिरी कुणाच्या होत्या आणि कामाला आलेली माणसं कुठल्या कुठल्या आळीतली होती, हे तिच्याकडून नावानिशी लिहून घ्यायचंय. ती म्हणली ये, पण उन्हाच्या आधी निघू, आणि पाण्याची बाटली भरून आण.